वॉटरमार्क मारण्याची शास्त्रोक्त पद्धत

फोटो कसा काढावा हे शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. काढलेल्या फोटोवर आपले नाव कसे घालावे, या थोर विद्येची मात्र उपेक्षाच झाली आहे. होतकरूंनी पुढील क्रम पाळावा.

१. नामकरण : कॅमेरा नंतर घेतला तरी चालेल, नाव आधी ठरवावे. आडनावापुढे ‘फोटोग्राफी’ लावणे सक्तीचे. अक्षरे इतकी वळणदार असावीत की घरच्यांनाही आडनाव लागू नये.

२. जागा : कोपऱ्यात ठसा मारणे हा भाबडेपणा आहे. कोपरा छाटायला मोबाइलवर एक बोट पुरते. ठसा मधोमध हवा. भिगवणला रोहित टिपला असेल, तर तो चोचीपासून पायापर्यंत झाकावा. पक्षी रोहित की बगळा हे कळेनासे झाले, की फोटो सुरक्षित झाला.

३. गडदपणा : तेराव्या शतकात इटलीतल्या फाब्रियानोचे कारागीर कागदातच खूण घालत, ती उजेडाकडे धरल्यावरच दिसे. आपल्या नोटेतले गांधीजीही तसेच, पांढऱ्या जागेत गुपचूप बसलेले. हा संकोच आपल्याला परवडणारा नाही. ओपॅसिटी शंभर टक्के ठेवावी.

४. वाकडेपणा : २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिले, की एकच ठसा पुष्कळ फोटोंवर जसाच्या तसा असेल तर संगणक ते फोटो ताडून पाहतो, ठसा ओळखतो आणि पुसतो. दर फोटोत ठसा जरा वेगळा वाकवला, तर पुसल्यावरही खुणा उरतात. मुळातच काही सरळ न जमणाऱ्यांना इथे उपजत फायदा आहे.

५. कायदा : १९५७ च्या कायद्यानुसार फोटो काढताक्षणी त्यावर प्रताधिकार लागू होतो, ठसा असो वा नसो, नोंदणीही लागत नाही. हे फार कोणाला सांगू नये, लोकांचा ठशातला रस जातो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मालकीची डिजिटल माहिती जाणूनबुजून काढून टाकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ फाइल मात्र जपावी. पुराव्याला तीच कामी येते. तुमचे नाव छाटून, वर गुलाब चिकटवून ‘शुभ सकाळ’ पाठवणारे सहसा सख्खे मामा असतात. त्यांना कायदा दाखवण्याआधी भाऊबीजेला आईसोबत कुठे जेवायचे आहे, याचा विचार करावा.

६. सिद्धी : २०२३ मध्ये फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेसने चित्रे रचणारे यंत्र बनवणाऱ्या स्टेबिलिटी एआयवर खटला भरला. यंत्राने रचलेल्या काही चित्रांवर गेटीच्या ठशाची वेडीवाकडी नक्कल उमटली होती. ठसा हा चित्राचाच भाग, अशी यंत्राची समजूत झाली होती! साधकाने तिथवर पोचायचे आहे. यंत्राला कोकणकड्यावरचा सूर्यास्त काढायला सांगितला आणि सूर्याच्या जागी आपले आडनाव उगवले, की तपश्चर्या फळाला आली समजावे. त्यानंतर कॅमेरा विकला तरी चालेल.