कमानीवरच्या कॅमेऱ्यास, सविनय

प्रति,
मा. कॅमेरासाहेब,
मुक्काम लोखंडी कमान, यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग (मुंबई–पुणे).

विषय : आपल्या कर्तव्यदक्षतेबद्दल अभिनंदन व अल्पशी तक्रार.
संदर्भ : आपले वेळोवेळीचे दंडाचे संदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सर्वप्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. शासनाच्या सेवेत आपल्याइतके तत्पर दुसरे कोणी नाही. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे महिनोन्‌महिने पडून राहतो. आपण मात्र शंभराच्या पुढे धावणाऱ्या गाडीची पाटी वाचता, वेग मोजता, मालकाचे नाव दफ्तरातून काढता आणि दोन हजारांचे चलान तयार ठेवता. आपण कधी जेवायला गेलेले नसता, आपल्याकडची फाइल कधी वर गेलेली नसते आणि ‘उद्या या’ हे शब्द आपल्याला शिकवलेलेच नाहीत. २०२४ च्या पावसाळ्यात आपण या रस्त्यावर रुजू झालात. सरकारला रस्त्यावरचे काही दिसत नाही, असे म्हणायची आमची सोय तेव्हापासून गेली. दिसते, छान दिसते. फक्त ज्यांनी आपली मान वळवून पक्की केली, त्यांनी ती आमच्याकडेच वळवली आहे.

आपल्याला इथे टांगताना एकच कारण सांगितले गेले, माणसांचे जीव. ते मान्य करूनच पुढे बोलतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. एवढी माणसे मरत असताना सरकारने रस्त्यावर नजर ठेवू नये, असे कोण म्हणेल? पण मग हिशेबही जिवांचाच मागायला हवा. किती लाख चलाने निघाली आणि किती कोटी जमले, हा हिशेब वसुली खात्याचा झाला. जिवांचा हिशेब याच रस्त्यावर, आपल्या जन्माआधीपासून मांडलेला आहे. २०१६ मध्ये या द्रुतगती मार्गावर १५१ माणसे गेली. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी इथे मृत्यू शून्यावर आणण्याचा प्रकल्प हाती घेतला. माणसे नेमकी कुठे आणि कशावर आदळून मरतात ते शोधले, उघड्या खांबांपुढे आणि टोकदार कठड्यांपुढे लोखंडी पट्ट्या बसवल्या, पोलिसांनी वेगवाल्यांना आणि मध्येच ट्रक उभे करणाऱ्यांना धरले. २०१९ मध्ये आकडा ९२ वर आला आणि २०२० मध्ये ६६ वर. शेवटच्या घसरणीतला काही वाटा टाळेबंदीला द्या हवा तर. आपली कमान तेव्हा उभीच नव्हती, एवढे मात्र नोंदवून ठेवा. रस्ता दुरुस्त केला, पोलीस जागेवर उभा केला, की माणसे वाचतात, हे सरकारला आपण येण्याच्या कितीतरी आधी ठाऊक झालेले होते.

यावर आपले पाठीराखे ठेवणीतला आकडा काढतात. २०२२ मधल्या दर शंभर मृत्यूंपैकी एकाहत्तर अतिवेगामुळे झाले, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो, मग कॅमेऱ्याला नावे का ठेवता? अतिवेगाची वकिली मला करायची नाही. बोरघाटात साठची मर्यादा असताना शंभरने उतरणाऱ्याला खुशाल चलान पाठवा, पाठोपाठच्या कमानीवरूनही पाठवा. पण हा एकाहत्तरचा आकडा जन्मतो कुठे, तेही पाहा. तो ज्या तक्त्यात आहे त्याचे शीर्षकच वाहतूक नियमांचे उल्लंघन असे आहे. रकाने कोणते? अतिवेग, दारू, उलट दिशा, सिग्नल तोडणे, मोबाइल आणि इतर. या तक्त्यात रस्त्याला आरोपी करायची सोयच नाही. पंचनाम्याला गेलेल्या हवालदाराने वळणाचा ढाळ चुकला आहे की नाही हे कशावरून ठरवावे? ते त्याला कोणी शिकवलेले नाही. तो समोरचा रकाना भरतो. गाडी वेगात होती आणि रस्ता चुकीचा बांधला होता, ही दोन्ही विधाने एकाच अपघाताबद्दल खरी असू शकतात. चलान फक्त पहिल्याचे निघते.

चारोटीचेच घ्या. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी वेगात होती, मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते, हे खरे. मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या तीन मार्गिका त्या पुलाशी येऊन दोन होत होत्या आणि कडेच्या मार्गिकेतून सरळ येणाऱ्यासमोर पुलाचा काँक्रीटचा कठडा उभा ठाकत होता, हेही तितकेच खरे. पुढच्या दोन महिन्यांत मुंबई पोलिसांनी मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा केला. चांगलेच केले. कठडा तिथे ठेवणाऱ्यांच्या मोबाइलवर कोणता संदेश गेला? आणि समृद्धी महामार्गाबद्दल काय बोलावे! ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी टप्पा ताशी १२० च्या मर्यादेसह खुला झाला, टोलनाके लगेच सज्ज, पण पेंगुळलेल्या ड्रायव्हरने थांबावे, तोंड धुवावे, चहा घ्यावा अशा जागांची वाट पाहावी लागली. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटली आणि २५ माणसे गेली.

आता जे सर्वांत जास्त झोंबते ते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यातले कलम १३६ अ हा आपला जन्मदाखला, रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवण्याचा अधिकार. त्याच दुरुस्तीत कलम १९८ अ सुद्धा आले. रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर संबंधित प्राधिकरणाला, ठेकेदाराला, सल्लागाराला दंड. किती दंड? जास्तीत जास्त एक लाख रुपये! याच कायद्यात ट्रकमध्ये जादा माल भरला तर वीस हजार आणि वर दर टनाला दोन हजार दंड आहे. म्हणजे चाळीस टन जादा खडी भरणाऱ्या ट्रकमालकाला जेवढे मोजावे लागतील, तेवढ्यात माणूस मारणाऱ्या रस्त्याचा ठेकेदार मोकळा. आणि ते लाख रुपये तरी कोणाकडून वसूल झाल्याचे कानावर येते का? कायदा राबवणाऱ्यानेच कायदा मोडला तर त्याला दुप्पट दंड, असेही कलम २१० ब मध्ये लिहून ठेवले आहे. कोणाला झाला? खड्ड्यांमुळे २०१३ ते २०१७ या काळात १४,९२६ माणसे मेली, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सरकारच्या तोंडावर सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, की खड्ड्यात पडून मेलेल्याच्या घरच्यांना सहा लाख रुपये द्या आणि जबाबदार असतील त्यांच्याकडून ते काढा. द्यावा लागला! आमच्याकडून दोन हजार काढायला यंत्र आहे, मेलेल्याच्या घरी सहा लाख पोचवायला मात्र समिती. ही हलगर्जी नाही, हा निर्लज्जपणा आहे आणि त्याला दुसरे नाव देण्याचे कारण मला दिसत नाही.

‘लपवण्यासारखे काही नसेल तर कॅमेऱ्याला का भिता?’ हा आणखी एक लाडका प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे आणि त्याला हात घालायचा तर कायदा हवा, गरज हवी आणि गरजेपुरतेच हवे. आपण चलान करता ते वेग मोडणाऱ्याचे, पण पाटी वाचता सगळ्यांची. नियम बोलतात ते चलान झालेल्यांबद्दल, त्यांचा पुरावा प्रकरण निकाली निघेपर्यंत जपायचा. ऐंशीने निमूट गेलेल्याची नोंद किती दिवस राहते आणि कोण पाहतो? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, तर त्यात सरकारला अधिसूचना काढून स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. फास्टॅग, नव्या नंबरप्लेटा आणि आपण, असे तिघे मिळून आमच्या येण्याजाण्याची वही लिहिता. ती वाचण्याचा अधिकार कोणाला, हे आम्हाला सांगितलेले नाही.

आपल्यालाही नियम आहेत बरे का. ११ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेतला नियम १६७ अ. आपल्या अलीकडे ठळक सूचनाफलक हवा, आपले प्रमाणपत्र दरवर्षी नवे हवे, गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत नोटीस हवी. आपण निदान उघड्यावर टांगलेले आहात. झाडाआडून स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढणाऱ्या पोलिसांसाठी २०२५ च्या जुलैत वरिष्ठांना परिपत्रक काढावे लागले, की खाजगी फोन वापरू नका. त्या बापड्या पोलिसाचे तरी काय चुकले? वर्षभर धूर खात उभे राहायचे, वर चलानांचा आकडा द्यायचा.

आणि बाबा रे, तुझेही तसेच आहे. धुक्यात, पावसात, पेटलेल्या ट्रकच्या धुरात तू तिथे टांगलेला असतोस. मधल्या मार्गिकेत दिवे न लावता उभा असलेला कंटेनर तुला आमच्या आधी दिसतो. मागून भरधाव येणारी गाडीही दिसते, आणि तुझ्या हातून काय होणार तर त्या गाडीचे चलान. पाहायला ठेवलेल्याला ओरडायची परवानगी नाही, याहून वाईट नोकरी मला माहीत नाही.

तेव्हा, महोदय, मागणी थोडी आहे. आपल्या कमानीखाली एक फलक लावावा. त्यावर या टप्प्यात आपण येण्यापूर्वी वर्षाला किती माणसे मेली आणि आल्यानंतर किती, आपले प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि चलान न झालेल्या गाडीची नोंद किती दिवसांत पुसली जाते, हे लिहावे. आमचा दंड आम्ही मुदतीत भरू. कलम १९८ अ खालचे पहिले चलान निघाले की त्याची प्रत कृपया सर्व वाहनधारकांना पाठवावी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वाहनधारक
(गाडीचा क्रमांक आपल्याकडे आहेच.)