शेतीचे सर

आमच्या वसईत दर दोन क्लासच्या पाट्यांमागे एक 'सर' सापडतो. पण ज्यांच्या नखांत बाराही महिने माती असते, ते शेतीचे सर. कोसबाडच्या टेकडीवर शेती शिकून ते शाळेत आले, तेव्हा शाळेमागे मळा होता. आता तिथे स्कूलबस उभ्या राहतात. मळा गेला, सर निवृत्त झाले, तास मात्र संपला नाही. फरक इतकाच, की विद्यार्थ्यांना सोडवायला आता घंटा नाही.

कुठलाही विषय काढा, सर तो केळीच्या बुंध्याला नेऊन बांधतात. कुणाच्या मुलीसाठी स्थळ आलं, फोटो दाखवला. सर म्हणाले, "केळीच्या बुंध्याशी फुटलेला मुनवा निवडावा तो तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा. रुंद पानांचा दिसतो गुबगुबीत, पण अंगात दम नसतो." मुलीच्या बापाने फोटो पुन्हा एकदा पाहिला आणि खिशात घातला. एका मित्राच्या निवृत्ती समारंभात तर त्यांनी कमालच केली. "केळ एकदाच घड देते," सर भारावून बोलत होते, "मग तिला कापतात." टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणालाच कळेना. सरांनी मात्र उत्सवमूर्तीच्या हातात सुकेळ्यांचा पुडा ठेवला. (सुकेळी राजेळीचीच. दुसऱ्या केळीचं नाव काढलंत, तर सर आठवडाभर बोलणार नाहीत.)

वसईची हिरवाई वाचवायला उभ्या राहिलेल्या फादर दिब्रिटोंच्या हरित वसईच्या लढ्यातली ही सरांची पिढी. एका मोर्चातून सर मध्येच नाहीसे झाले होते म्हणे. लोक घाबरले. सर शेजारच्या वाडीत शिरून करपा पडलेली पानं कापत होते, आणि वाडीवाला घोषणा देत मोर्चात पुढे गेला होता.

जुलै २०१८मध्ये वसई पाण्यात गेली, लोकल बंद पडल्या. अर्धी चड्डी घालून, डोक्यावर दुधाच्या पिशव्यांचा क्रेट घेऊन सर आमच्या सोसायटीत आले. सेक्रेटरी पाण्याच्या नावाने बोटं मोडत होते. सर शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तुमच्या पार्किंगच्या जागी बावखल होतं, गावचं तळं. पाणी घुसलेलं नाही, माहेरी आलंय."

वृक्षारोपणाला पुढारी येतात, फोटो निघतो, आणि झाड सरांच्या गळ्यात पडतं. त्यांच्याकडे झाडांचं हजेरीपुस्तक आहे. एप्रिलमध्ये सायकलला पाण्याचे कॅन लटकवून ते हजेरी घेत फिरतात. शेळीने खाल्लेल्या रोपापुढे शेरा असतो, 'आजारी'. रस्ता रुंदीकरणात गेलेल्यापुढे, 'शाळा सोडल्याचा दाखला दिला'.

परवा सर विरार लोकलमध्ये चढले. बोरिवलीला उतरायचं होतं, म्हणजे लांबच्या प्रवाशांची जागा अडवायची, आमच्याकडे फौजदारी गुन्हाच! त्यात खांद्यावर मुनव्यांचं पोतं. दुसरा कुणी असता तर त्याला चर्चगेटपर्यंत नेऊन सोडला असता. पण दारातले तिघे सरांचेच विद्यार्थी निघाले. चौथी सीट मिळाली, ती सरांनी पोत्याला दिली. भाईंदरची खाडी येईपर्यंत अर्ध्या डब्याला दोन केळींत पाच फूट अंतर का हवं, ते पाठ झालं होतं.

"पण सर," नालासोपाऱ्याचा एक जण म्हणाला, "आमची गॅलरीच चार फुटांची आहे."

सरांनी क्षणभर विचार केला.

"मग एकच लाव. आणि कपडे आत वाळत घाल."