कथाकार दौऱ्यावर आहेत

आमच्या तालुक्याच्या व्याख्यानमालेत एक पुष्प कथाकथनाचं असतंच. त्या पुष्पाला एसटी स्टँडवरून आणायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे ही जात मी चेहऱ्यावरून नाही, सामानावरून ओळखतो. कवीच्या खांद्याला झोळी असते. समीक्षकाकडे बॅग असते आणि ती आपण उचलायची असते. कथाकाराकडे असते घडी घातलेली रिकामी पिशवी. जाताना तिच्यात शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह बसतं.

खाली उतरताच तो विचारतो, "श्रोते किती?" मग, "माइक बरा आहे ना?" तिसरा प्रश्न मानधनाचा, पण तो विचारायचा नसतो. "परवा एका गावी गेलो होतो, फार रसिक मंडळी," असं म्हणून आपल्याकडे बघत राहायचं असतं.

कथाकाराचं वर्ष गणपतीत सुरू होतं. मग नवरात्रातल्या व्याख्यानमाला, थंडीत संमेलनं, उन्हात वसंत व्याख्यानमाला. लिहायला उरतो पावसाळा, आणि नेमके तेव्हाच दिवाळी अंकांचे संपादक फोन करतात. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही वहिवाट पडली. मराठी कथेत एवढा पाऊस का पडतो, याचं कारण मला तरी यातच दिसतं. संपादकांचा फोन घरी वहिनी घेतात. "हे दौऱ्यावर आहेत," असं त्या सांगतात, तेव्हा हे शेजारच्या खोलीत पंख्याखाली दौऱ्यावर असतात.

तसं त्याला नवीन लिहायची निकड नसते. पोलीस पाटलाच्या हरवलेल्या रेड्याची एक कथा त्याने तरुणपणी लिहिली. छापली तेव्हा ती सहा पानांची होती, आता पाऊण तास चालते. हा रेडा सांगलीत कृष्णेत डुंबतो, नांदेडला गोदावरीत आणि अमळनेरला बोरीत. जिथे नदीला पाणी नसतं तिथे तो टँकरमागे धावतो आणि टाळ्या जास्त पडतात. 2015 साली संमेलन पंजाबात, नामदेवांच्या घुमानला झालं, तेव्हा रेडा बियासपर्यंत पोहोचला होता. गावं बघितलीत का, असं विचारलं तर कथाकार सांगतो ते असं: नगरला भाकरी चांगली, जळगावला भरीत, आणि कोल्हापूरला श्रोते तुमच्याआधी हसतात. 2025च्या दिल्ली संमेलनासाठी पुण्याहून खास गाडी सुटली आणि धावत्या गाडीतच साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्याला भरून आलं. मराठी साहित्य शेवटी योग्य जागी बसलं, असं त्याचं मत पडलं. त्या डब्यातही रेडा झाला, असं ऐकतो.

जी. ए. कुलकर्ण्यांचा विषय काढला की तो मान हलवतो. "मोठा माणूस. पण धारवाडात बसून राहिला. कार्यक्रम केले असते तर कुठे असता!" जी.ए. कुठे आहेत हे मी सांगत बसत नाही. कार्यक्रमाच्या आधी वाद नको.

वयाचा प्रश्न नाजूक असतो. प्रास्ताविकात अजूनही त्याला 'नव्या पिढीचे आश्वासक कथाकार' म्हणतात, कारण परिचयाचा कागद त्यानेच कधीकाळी दिलेला असतो. कंडक्टरपुढे मात्र तो आधार कार्ड काढून पासष्टी सिद्ध करतो, कारण त्यानंतर एसटीचं तिकीट अर्धं. पंचाहत्तरीला ते पूर्ण माफ होतं. तो त्या दिवसाकडे डोळे लावून बसला आहे, आणि त्या दिवसापासून मराठी कथा महाराष्ट्रभर मोकाट सुटणार आहे.

पण त्याची खरी तळमळ वेगळी आहे, आणि ती त्याने मला दुसऱ्या चहाला सांगितली. शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकर या तिघांनी गावोगाव हिंडून कथाकथन रुजवलं. तिघेही संमेलनाध्यक्ष झाले. कुठे झाले? माडगूळकर 1983ला अंबाजोगाईला, पाटील 1985ला नांदेडला, मिरासदार 1998ला परळीला. "सगळा मराठवाडा!" तो टेबलावर बोट आपटत म्हणाला. मग 2022ला भारत सासणे अध्यक्ष झाले, तेही उदगीरला. आता हा योगायोग म्हणायचा?

गंगाधर गाडगीळ 1981ला रायपूरला अध्यक्ष झाले होते, अशी मी शंका काढली.

"ती नवकथा," तो म्हणाला. "मी ऐकायच्या कथेबद्दल बोलतोय."

या शास्त्रामुळे तो मराठवाड्यातलं निमंत्रण कधीच नाकारत नाही. पुण्यातल्या कार्यक्रमाला दोन वेळच्या रिक्षाचे पैसे आधी ठरवून घेतो, पण हिंगोली जिल्ह्यातल्या एका वाचनालयाने ऐन मे महिन्यात, भर दुपारी, नुसत्या नारळावर बोलावलं तरी रात्रीच्या गाडीने निघाला. ऐकायला वाचनालयाचे पदाधिकारी, एक निवृत्त गुरुजी आणि पंख्याखाली झोपायला आलेली दोन माणसं. रेडा कयाधूत सोडला, पण नदी कोरडी असल्याने ऐन वेळी विहिरीत उतरवावा लागला.

कार्यक्रम संपल्यावर नारळ द्यायला चिटणीस पुढे आले. त्याने तो पाहिलाही नाही. चिटणिसांना बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "गावात लाखभर माणूस मावेल असं मैदान आहे का हो? आणि पार्किंगचं कसं काय?"