इतवारा ते साडेदहा नंबर

आर्किटेक्चरच्या कॉलेजांच्या सहली भोपाळला येतात त्या सांचीचा स्तूप, भीमबेटका आणि चार्ल्स कोरिया यांच्यासाठी. तिसऱ्या वर्षाची मुलं कोरियांचं नाव ज्या सुरात घेतात, त्या सुरात आमच्या वेळी फक्त भीमसेनांचं नाव घेतलं जायचं. माझी पुण्याची भाची अशाच एका स्टडी टूरवर आली. मधला एक दिवस मुलांना मोकळा होता. शाहपुऱ्यात आत्याचं घर आहे, या बळावर तिने सरांकडून फिरायची परवानगी मिळवली. आत्या सोबत असेल, हा सरांचा समज तिने खोडून काढला नाही.

सकाळी मी पोहे केले आणि मनीषा मार्केटमधून गरम जिलबी आणवली. पोह्यांवरची शेव तिने सहन केली, पण त्याच बशीत जिलबी बघून ती म्हणाली, "आत्या, हे चुकून एकत्र आलं का?" नंतर जिलबी दोनदा मागून घेतली, ही गोष्ट वेगळी.

खरी अडचण पत्त्यांची. "दहा नंबरवरून ऑटो घे. सहा नंबरवरून टीटी नगर, मग रोशनपुरा, मग श्यामला हिल्स," असं मी सांगत होते आणि ती वहीत बीजगणित उतरवून घ्यावं तसं लिहून घेत होती. टीटी म्हणजे टेबल टेनिस का, असंही विचारून झालं. अगं, तात्या टोपे! येवल्याचा माणूस इथे येऊन टीटी झाला आणि पुण्याच्या मुलीला ओळखू येईना.

मग मला इतिहास सांगावा लागला. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झालं. विदर्भ मुंबई राज्यात गेला, पण नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींच्या पाठोपाठ इकडे आली. माझे सासरे त्यातलेच. सरकारी माणसांसाठी घरं बांधली गेली, बांधली जात राहिली, आणि बांधणाऱ्यांना नावं सुचेनाशी झाली असावीत. म्हणून ११०० क्वार्टर्स, १२५०, बड्या लोकांसाठी ४५ बंगले आणि ७४ बंगले. बसथांब्यांनाही नंबर: पाच, सहा, दहा, अकरा, बारा. मध्ये वस्ती वाढली तशी साडेसहा आणि साडेदहा नंबरचीही सोय झाली. शेजारची अरेरा कॉलनी अक्षर आणि आकडा दोन्ही वापरते, ई-३, ई-७ वगैरे. आमच्या शाहपुऱ्यात ए, बी, सी असे सेक्टर आहेत. आम्ही साधी माणसं, अक्षरावरच थांबलो.

तासाभराने तिचा फोन. "आत्या, ऑटोवाला म्हणतो भारत भवन आलं. पण इथे इमारतच नाहीये!"

कोरियांची गंमतच ती आहे. १९८२ साली उघडलेलं हे भवन श्यामला हिल्सच्या उतारात खाली खाली उतरत जातं. दारातून दिसतात त्या गच्च्या. पायऱ्या उतरलं की अंगणं, अंगणांच्या कडेने दालनं, आणि शेवटी समोर बडा तलाव. तिला हा नकाशा पुस्तकात पाठ होता. पण पुस्तकात तो वरून बघितलेला असतो, आणि माणूस येतो ऑटोतून. दुपारपर्यंत ती तिथे पायऱ्या रेखाटत बसली. मी तिथे नाटकं बघितली आहेत, त्या पायऱ्यांवर शेंगा खाल्ल्या आहेत. उजेड कुठून आत घेतलाय, ते मात्र तिने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. तिच्या वहीतल्या पायऱ्यांवर एकही माणूस नव्हता. आर्किटेक्चरच्या पुस्तकांतही नसतो. इमारत पूर्ण झाल्यावर आणि लोक यायच्या आधी फोटोग्राफर कसा गाठतात, देव जाणे.

कोरियांचीच विधानसभेची इमारत तिने वाट वाकडी करून बाहेरून बघितली. ती गोल आहे, त्यामुळे सगळीकडून सारखीच दिसते, एका बाजूने बघितली तरी पुरे, असं ऑटोवाल्याचं मत पडलं. त्याला फेरी आवरायची होती.

मग ती जुन्या शहरात गेली आणि तिचा जीव भांड्यात पडला. इतवारा, सोमवारा, मंगलवारा, बुधवारा, जुमेराती! पेठेतल्या मुलीला वारांच्या गल्ल्यांत नकाशा कशाला लागतोय? इतवाऱ्यात तिला पटिये सापडले. पटिया म्हणजे दुकानापुढची दगडी फळी. त्यावर बसून रात्री उशिरापर्यंत गप्पा छाटणं ही अस्सल भोपाळी विद्या. हिने पिशवीतून टेप काढला आणि एका पटियाची उंची मोजायला घेतली. त्यावर बसलेले एक चाचा पाय वर घेऊन म्हणाले, "नगर निगम से आई हो, बेटी? तोड़ोगे क्या?" तोवर दहा माणसं जमली. मी विद्यार्थिनी आहे, बसायची जागा किती उंच असली की माणूस तासन्‌तास बसतो, ते बघतेय, असं तिने पुणेरी हिंदीत सांगितलं. "को खां, उंचाईने कोण बसतं, चायने बसतं," अशा अर्थाचं काहीतरी कोणीतरी म्हणालं, आणि मिठाचा चहा आला. तो तिने डोळे मिटून प्यायला. वहीच्या त्या पानावर पटियाचा छेद आहे, मापं आहेत, कपाचा गोल डाग आहे आणि पहिल्यांदाच एक माणूस आहे, पाय वर घेतलेला.

परतताना अंधार पडला. पुण्याहून वहिनीचा फोन आला तेव्हा भाची ऑटोत होती. कुठे आहेस, या प्रश्नाला तिने आता मुरलेल्या भोपाळकरासारखं उत्तर दिलं, "आई, साडेदहा." फोन कटला.

दुसऱ्या मिनिटाला वहिनी माझ्याकडे. "ताई, साडेदहापर्यंत पोरीला बाहेर राहू देणार तुम्ही? परक्या गावात?"

घड्याळात सव्वाआठ झाले होते. मी खुर्ची ओढून बसले आणि १९५६ पासून सांगायला सुरुवात केली.