बंद पडलेल्या गवतकापणी यंत्राची शास्त्रोक्त आळवणी

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे अनुबंधचतुष्टय सांगण्याचा प्रघात आहे, आणि अमेरिकी उपनगरातील जुन्या, बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राच्या दुरुस्तीसारख्या गहन विषयात तो मोडण्याचे काही कारण दिसत नाही. विषय म्हणजे लहान ट्रॅक्टरसारखे दिसणारे, पोटाखाली पाती बसवलेले आणि वसंतातल्या पहिल्या उबदार शनिवारी हमखास सुरू न होणारे वाहन. प्रयोजन म्हणजे घराभोवतीची हिरवळ शेजाऱ्यांच्या तोंडी येण्यापूर्वी कापणे. संबंध म्हणजे मालक आणि यंत्र यांच्यात हिवाळाभर नसलेला तो. अधिकारी, अर्थात या विद्येस पात्र साधक, तोच की ज्याने नवे यंत्र घेण्याचा घरच्यांचा प्रस्ताव नुकताच सर्वांसमक्ष फेटाळला आहे.

या यंत्रकुळाचे मूळ इंग्लंडात आहे. ग्लॉस्टरशरमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने, लोकरी कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून कल्पना घेऊन, १८३० साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. ते यंत्र माणसाने ढकलायचे असल्यामुळे ते सुरू न होण्याचा प्रश्न ढकलणाऱ्याच्या प्रकृतीपुरता मर्यादित होता. पुढे इंजिन आले, आसन आले, बॅटरी आली, आणि सोयीच्या प्रत्येक पायरीबरोबर बंद पडण्याचे एकेक नवे कारणही यंत्रात कायमचे बसवले गेले.

दोषनिदानाच्या बाबतीत साधकांमध्ये दोन संप्रदाय आढळतात. कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण करून इंजिनाला पुरवणारा भाग, हाच सर्व दुःखांचे मूळ आहे असे एक संप्रदाय मानतो. दुसरा बॅटरीखेरीज कशालाच दोषी धरत नाही. कोणता साधक कोणत्या संप्रदायात जातो हे यंत्राच्या लक्षणांवरून क्वचितच ठरते. नव्याने आणलेले हत्यार पान्यांचा संच आहे की व्होल्टमीटर, यावर ते बहुधा अवलंबून असते. सिद्धान्तपक्ष असा की फुकटात तपासता येईल ते आधी तपासावे आणि खोलावे लागेल ते शेवटी खोलावे, परंतु हा क्रम पाळल्यास दुरुस्ती दहा मिनिटांत आटोपण्याचा धोका असल्यामुळे तो लोकप्रिय झालेला नाही.

किल्ली फिरवूनही यंत्रातून कसलाच आवाज येत नसेल, तर सर्वप्रथम साधकाने स्वतःच्या अवयवांची स्थिती पाहावी. या यंत्रांत सुरक्षेसाठी खटक्यांची एक साखळी असते: ब्रेकचे पेडल पूर्ण दाबलेले नसेल, किंवा पाती फिरवणारा दांडा अथवा बटण मागील वर्षी चालू स्थितीतच राहिले असेल, तर सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणाऱ्या विजेच्या मोटरपर्यंत, प्रवाह जाऊच दिला जात नाही. आसनाखालीही असाच एक खटका असतो, आणि पाती फिरत असताना चालक उठल्यास तो इंजिन बंद करतो. त्याची तार गंजली किंवा उंदराने कुरतडली, तर ९० किलो वजनाचा मालक आसनावर बसूनही यंत्राच्या लेखी अनुपस्थित ठरतो, आणि हा अपमान सहन न होऊन अनेक साधक त्या खटक्याच्या तारा परस्पर जोडून टाकतात. हा उपाय सर्वथा वर्ज्य समजावा, कारण त्यानंतर माणूस खाली पडला तरी पाती फिरतच राहतात.

खटके निर्दोष असतील तर आवाजाचे श्रवण करावे. सलग टकटकटक असा आवाज बहुधा अशक्त बॅटरीचा असतो. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२ च्या खाली गेलेली जवळजवळ रिकामी समजतात. मात्र ती बदलण्यापूर्वी तिच्या टोकांवर जमलेला पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन पाहावा. एकच दमदार ‘टक्’ होऊन पुढे शांतता पसरली, तर संशय सोलेनॉइडवर घ्यावा. किल्लीकडून येणाऱ्या क्षीण प्रवाहाच्या आज्ञेवरून बॅटरीचा मोठा प्रवाह सेल्फकडे सोडणारा हा खटका होय. या टप्प्यावर एखादे शेजारी स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रकटतात आणि सोलेनॉइडची दोन टोके त्याने जोडून ठिणग्यांचा प्रयोग करून दाखवू पाहतात. या प्रयोगात सुरक्षेची सगळी साखळी डावलली जाते आणि यंत्र गिअरमध्ये असल्यास ते प्रयोगकर्त्याच्या अंगावर चालून येऊ शकते, म्हणून शेजाऱ्यांना चहा द्यावा व स्क्रूड्रायव्हर काढून घ्यावा.

सेल्फ इंजिन जोमाने फिरवतो, पण इंजिन काही पेट घेत नाही, अशी अवस्था आल्यास कार्बोरेटर-संप्रदायाचा विजयदिन उजाडला असे समजावे, आणि खेदाने मान्य करावे लागते की येथे त्या संप्रदायाचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे असते. अमेरिकेत मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये सुमारे १० टक्के इथेनॉल, म्हणजे मुख्यतः मक्यापासून काढलेले अल्कोहोल, मिसळलेले असते आणि ते हवेतील ओलावा ओढून घेते. महिनाभरापेक्षा अधिक काळ साठवलेल्या पेट्रोलमधील चटकन पेटणारा अंश उडून जाऊ लागतो, मागे चिकट राळेसारखा थर उरतो, आणि तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, अर्थात पेट्रोल ज्यातून वर चढते त्या बारीक छिद्रात, जाऊन बसतो. ऑक्टोबरात टाकी रिकामी केली असती तर हे टळले असते हे वाक्य घरात कोणीतरी उच्चारतेच. त्यावर उत्तर देऊ नये.

हवेच्या मार्गात कार्बोरेटर क्लीनरचा एक हलका फवारा मारल्यावर इंजिन क्षणभर धडधडून पुन्हा मरत असेल, तर ठिणगी पडते आहे आणि पेट्रोल पोचत नाही, असे अनुमान निघते. उन्हाळ्यात न्यू जर्सीला मुलाकडे आलेले, महाराष्ट्रात आयुष्यभर स्कूटर चालवलेले वडील याच सुमारास यंत्र एका बाजूला आडवे करण्याची सूचना करतात. स्कूटरच्या बाबतीत ही पद्धत आदरणीय असली तरी प्रस्तुत यंत्राचे वजन २०० किलोंच्या आसपास असल्यामुळे बाबांना ठिणगी पाडणारा प्लग साफ करण्याचे काम द्यावे. अनेक इंजिनांत प्लगच्या टोकांमधील अंतर ०.७६ मिलिमीटर ठेवतात, आणि ते जुळवण्यात एक संपूर्ण दुपार समाधानाने जाऊ शकते.

दरम्यान कार्बोरेटरची वाटी खोलून जेट तांब्याच्या तारेच्या एका केसाने मोकळे करावे. खोलण्यापूर्वी गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग आटोक्यात ठेवणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग कोणत्या छिद्रात अडकवलेली आहे याचे छायाचित्र घ्यावे, कारण छिद्रे अनेक असतात, सगळी सारखीच दिसतात आणि स्प्रिंग प्रत्येकात बसते.

एक फसवे लक्षण मात्र दोन्ही संप्रदायांना चकवते. सेल्फ इंजिन अर्धवट फिरवून भिंतीवर आदळल्यासारखा थांबत असेल, तर दोष बॅटरीत नसून व्हॉल्व्हच्या फटीत असण्याचा संभव असतो: फट वाढली की सुरुवातीचा दाब हलका करणारी योजना निकामी होते. ती फट मोजायला फीलर गेज नावाची पातळ पट्टी लागते, पण साधक तोपर्यंत नवी बॅटरी विकत घेऊन बसलेला असतो.

अखेरीस इंजिन धूर सोडत सुरू होते. तोवर गवत गुडघ्याला लागलेले असल्याने एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापू नये. पात्यांत अडकलेले गवत काढायचे झाल्यास किल्ली काढून आणि प्लगची तार सुटी करूनच हात घालावा. याव्यतिरिक्त कोणत्याही कारणाने, विशेषतः यंत्र पुन्हा सुरू होते की नाही हे पाहण्यासाठी, किल्ली उलटी फिरवणे शास्त्राला मान्य नाही. पराक्रम दाखवायचाच असेल तर घरच्यांना चालू इंजिनाच्या आवाजातच हाक मारावी, आणि ती त्यांना ऐकू न गेल्यास मुकाट्याने गवत कापायला लागावे.