कलम नववे : महाराष्ट्र

लेखी हुकूम बराकपूरच्या मातीला कधीच मानवलेला नाही. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने हुगळीच्या काठी येथे आपली हिंदुस्थानातील पहिली लष्करी छावणी वसवली. आणि छावणी म्हटली की हुकूम आला, हुकूम म्हटला की तो लिहून काढणारा कारकून आला, व तो वाचून दाखवल्यावर ताठ उभा राहणारा, परंतु पाऊल मात्र न उचलणारा शिपाईही आला. 1824 साली सत्तेचाळिसाव्या पलटणीस ब्रह्मदेशाकडे कूच करण्याचे फर्मान सुटले, पण सामान वाहून नेण्यास बैल मिळेनात, तेव्हा पलटण हलली नाही आणि तिच्यावर कवायतीच्या मैदानातच तोफा डागण्यात आल्या. 1857 च्या 29 मार्चला मंगल पांडे यांनी काय केले, हे तर चौथीच्या मुलालाही मुखोद्गत आहे. त्या हुतात्म्यांच्या पंक्तीस आमच्या शिक्षकवर्गाला बसवण्याचा प्रमाद मी करणार नाही. मला इतकेच नमूद करावयाचे आहे की, सामानाची तजवीज न करता कूच फर्मावण्याची परंपरा या गावात अद्याप खंडित झालेली नाही, आणि ती अव्याहत चालू ठेवण्याचे कार्य सांप्रत आमच्या प्राथमिक शाळेची सूचनावही करीत आहे.

ही वही दर शनिवारी टिफिननंतर निघते. लाल कापडी पाठीचे ते एक लांबोडके रजिस्टर आहे. त्याच्या पुठ्ठ्याला सुतळीने एक बॉलपेन बांधलेले असून त्यातील शाई सदैव संपलेली आणि सुतळी सदैव शाबूत असते. गेल्या आठवड्याचा गोषवारा, पुढील आठवड्याचे कार्यक्रम व त्यांची कलमवार जबाबदारी आमच्या मुख्याध्यापिका त्यात इंग्रजीतून स्वहस्ते लिहितात. त्यांना सारे ‘बडदी’ म्हणतात, म्हणजे थोरल्या ताई. आणि त्यांचे अक्षर इतके सुंदर आहे की मजकुराकडे कोणाचे लक्षच जात नाही. शाळेची मदतनीस मासी ती वही छातीशी धरून शिशुवर्गापासून चौथीपर्यंत दारोदार हिंडते, प्रत्येक शिक्षक ती उघडतो, आपले नाव शोधतो, ते सापडले नाही म्हणून निःश्वास सोडतो किंवा सापडले म्हणून सोडतो, आणि सही करतो. वाचीत कोणीच नाही. मासीला तर इंग्रजी येतही नाही. परंतु दहा दारांवर दहा चेहरे पाहून झाल्यावर अकराव्या दाराशी ती जे सांगते ते बडदींच्या दोन पृष्ठांहून अधिक निर्णायक असते. “दीदीमोनी (म्हणजे बाई), शुक्रवारी यायचंय आणि शनिवारी सुटी नाही,” एवढ्या वाक्यात तिने सप्ताहाचा इत्यर्थ सांगितलेला मी स्वतः ऐकला आहे.

शनिवारचीच वेळ का, या प्रश्नाचे उत्तर मला नदीपलीकडे सापडले. बराकपूरहून होडीने हुगळी ओलांडली की समोर श्रीरामपूर लागते. तेथील मिशनऱ्यांनी 1818 च्या 23 मे रोजी ‘समाचार दर्पण’ नावाचे बंगाली साप्ताहिक काढले, आणि तो वार शनिवार होता. त्याच श्रीरामपुरात विल्यम केरीसाहेबांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी भाषेचे व्याकरण सिद्ध करून 1805 साली छापले. तेव्हा मराठीला छापील शिस्त लावण्याचा एक आरंभीचा उद्योग पुण्यामुंबईस न होता या हुगळीच्या काठी झाला, हे आमच्याकडील पुष्कळांना सांगितले तरी पटत नाही. मी मूळची वाईची. नाना फडणविसांची मेणवली आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या वाड्यातील मोडी रुमाल हा राजकारणाचा केवढा खजिना होता याच्या कथा ऐकतच आम्ही वाढलो. यजमानांच्या बदलीमुळे येथे येऊन मी शाळेत रुजू झाले तेव्हा कागदाविषयी हा असा वंशपरंपरागत आदर घेऊनच आले होते. परंतु नानांना बातमी आधी कळत असे आणि कागद नंतर तयार होत असे. आमच्या शाळेत कागद आधी तयार होतो आणि बातमी त्याला जन्मभर शोधीत राहते.

आता 17 जानेवारीच्या वहीकडे वळते. यंदा, म्हणजे 2026 साली, वसंत पंचमी नेमकी 23 जानेवारीला आली. आणि नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा जन्मही 1897 सालच्या 23 जानेवारीचा. बंगालची विद्यादेवता आणि बंगालचा वीरपुरुष एकाच शुक्रवारी एकत्र आल्याचा हर्ष आमच्या शिक्षकवर्गाला व्हावयास हवा होता. त्याऐवजी स्टाफरूममध्ये सुतकी शांतता पसरली, कारण दोन सुट्या एका तारखेत बुडाल्या होत्या. इंग्रजांशी ज्यांनी तडजोड केली नाही त्यांना अखेर ती पंचांगाशी करावी लागली, असे एक वयोवृद्ध मास्टरमोशाय खिन्नपणे म्हणाले. वहीतील पहिले कलम सांगत होते की पुरोहित नऊ वाजता येतील, पुष्पांजली साडेनऊला होईल, सव्वाबारा वाजता नेताजींच्या जन्मवेळी शंख वाजतील व त्यानंतर खिचडीचा भोग वाटण्यात येईल. ज्याने सरस्वतीपूजेची बंगाली सकाळ एकवार पाहिली आहे त्याला या वेळापत्रकातील काव्य तत्काळ ध्यानी येईल. त्या सकाळी घरोघर, शाळोशाळी, गल्लोगल्ली पूजा असते आणि पुरोहित मात्र मोजके असतात. सायकलवरून एका मंडपातून दुसऱ्या मंडपाकडे निघालेल्या ब्राह्मणास वाटेत तिसऱ्याच मंडपाची पोरे अडवून आपल्याकडे वळवतात, आणि त्याची वाट पाहत पिवळ्या साड्या नेसलेल्या मुली उपाशीपोटी ताटकळत बसतात.

तिसरे कलम बोरांचे होते. आमच्याकडे संक्रांतीच्या सुमारास बोरन्हाण घालून लहानग्यांच्या डोक्यावर बोरे ओततात. येथे पंचमीला देवीस वाहण्यापूर्वी बोर तोंडात घातले तर विद्या रुसते व परीक्षेत नापासाचा शेरा मिळतो, अशी बालवर्गाची दृढ श्रद्धा आहे. ‘23 तारखेपूर्वी मुलांनी शाळेत बोरे आणू नयेत’ हे त्या वहीतील एकमेव कलम होय, ज्याचे तंतोतंत पालन झाले. आणि ते वही निघण्यापूर्वीच होत होते.

पण माझा जीव गुंतला होता तो चौथ्या व नवव्या कलमांत. प्रजासत्ताकदिनी ‘भारताचे प्रांत’ असा कार्यक्रम योजला होता. चौथ्या कलमान्वये शिशुवर्ग बंगालची अंगाई म्हणणार होता. आणि बंगालची अंगाई म्हणजे ती बर्ग्यांचीच, जीत बुलबुलांनी धान फस्त केल्यामुळे खंडणी कशी भागवावी ही चिंता बाळाला निजवता निजवता व्यक्त होते. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली 1742 साली बंगाल्यात उतरली. 1744 मध्ये अलिवर्दीखानाने भास्कररामांस बोलणीसाठी तंबूत बोलावून ठार केले. आणि 1751 साली तह होऊन सालीना बारा लाखांची चौथाई ठरली. आमच्या बखरींत याला मुलूखगिरी म्हणतात. ज्यांची गावे जळली त्यांनी याची अंगाई केली, आणि त्यांच्या नातवंडांची पतवंडे अजून तिच्यावर झोपतात.

नवव्या कलमात लिहिले होते : महाराष्ट्र, इयत्ता तिसरी, आणि जबाबदारीच्या रकान्यात माझे नाव. शाळेत मराठी माणूस मी एकटी, त्यामुळे शिवाजीमहाराज, गणेशोत्सव, वडापाव आणि मुंबईचे चित्रपट या चारही खात्यांची मुखत्यारी माझ्याकडे निर्विवाद आहे. वाई हे मुंबईच्या कोणत्या स्टेशनाजवळ येते, असा प्रश्न मला प्रेमाने वारंवार विचारला जातो. बडदींचा मनोदय लावणीचा होता. चित्रपटांत त्यांनी ती पाहिली होती. आठ वर्षांच्या मुलांकडून लावणी करवून घेण्याऐवजी लेझीम बसवू, असे मी सुचवले आणि ते त्यांनी उदारपणे वहीत नोंदवले. लेझीम बराकपुरात कोठे मिळतात, याविषयी कलमात अवाक्षर नव्हते. 1824 च्या बैलांप्रमाणे तेही ज्याचे त्याने पाहावयाचे होते.

येथे जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. बर्ग्यांच्या भयाने 1742 साली कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती एक खंदक खणावयास घेतला. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. पुढे 1799 साली त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावरून जो रस्ता काढला त्याचे नाव सर्क्युलर रोड पडले. येऊ घातलेल्या संकटासाठी धावपळ करणे, ते येत नाही असे पाहून धावपळ अर्धवट टाकणे आणि शेवटी सगळ्यावर एक सर्क्युलर काढून जागा सपाट करणे, हा क्रम मला इतका परिचयाचा वाटला की तो खंदक आमच्याच शाळेने खणला असावा, असा संशय मला अजून आहे.

शुक्रवारी सकाळी, पुरोहित अद्याप वाटेवर कोठे तरी अडकलेले असताना, मासी वही घेऊन मंडपात अवतरली. पुरवणी सूचना होती. डेकोरेटरचे बांबू व कापड पूजेच्या मंडपांत अडकल्यामुळे प्रजासत्ताकदिनाचा प्रांतांचा कार्यक्रम तहकूब करण्यात येत असून तो पहिल्या बैशाखास, म्हणजे बंगाली नववर्षदिनी, होईल, सर्वांनी नोंद घेऊन सही करावी, असा तिचा आशय होता. आता, सरस्वतीपूजेच्या दिवशी वह्या-पुस्तके व लेखण्या देवीच्या पायांशी ठेवतात आणि लेखन-वाचन वर्ज्य मानतात. तिसरीच्या न तपासलेल्या गणिताच्या वह्यांचा गठ्ठा मीसुद्धा मोठ्या भक्तिभावाने तेथेच नेऊन ठेवला होता. त्या दिवशी लिहिण्याचा अधिकार केवळ ज्यांना लिहिता येत नाही त्यांना असतो, कारण पुरोहित त्यांचा हात धरून पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतात. तेव्हा सही हे लेखन की नव्हे, असा प्रश्न दुसरीच्या दीदीमोनींनी उपस्थित केला. मास्टरमोशायांनी तो शास्त्राच्या अंगाने तपासून सही हे लेखनच होय असा निवाडा दिला, आणि वाचनही वर्ज्य असल्यामुळे मजकूर पाहणेसुद्धा उचित नव्हे, असे वर जोडले. बडदी निरुत्तर झाल्या. त्यांचे स्वतःचे पेन देवीपाशी होते. मग पुरवणी लिहिली कशाने, असे कोणी विचारले नाही. हुगळीच्या काठी पुन्हा एकदा एक अख्खी पलटण जागच्या जागी उभी राहिली, आणि या वेळी तोफांऐवजी खिचडी आली. ती दुपारी दोन वाजता आली. शंख मात्र सव्वाबारालाच वाजले.

सही नाही म्हणजे सूचना पोचली नाही. सूचना पोचली नाही म्हणजे कार्यक्रम तहकूब झाला नाही. या न्यायाने 26 जानेवारीच्या सकाळी शाळेच्या पटांगणात अख्खा हिंदुस्थान वेष करून हजर झाला. पंजाबला दाढी नीट चिकटली नव्हती. केरळची कसवूची साडी पायात अडकत होती. आणि तिसरीच्या वर्गाचे मावळे आयांनी लाल चौकटीच्या गामछांचे फेटे बांधून पाठवले होते, ज्यांची टोके नाकापर्यंत येत होती. लेझीम नव्हतेच. त्याऐवजी प्रत्येक मावळ्याच्या मुठीत आईच्या पदराचा चाव्यांचा जुडगा होता. ही युक्ती मुलांची. मी केवळ संमती दिली. एक-दोन-तीन-चारच्या ठेक्यावर ते जुडगे खणखणू लागले तेव्हा भास्कररामांना साऱ्या फौजेनिशीही जे साधले नसते ते माझ्या डोळ्यांदेखत घडत होते : बंगालच्या गृहिणींनी आपापल्या घरांच्या किल्ल्या आपण होऊन मराठ्यांच्या स्वाधीन केल्या होत्या. शिशुवर्गातील एक चिमुरडी नुकतीच बर्ग्यांची अंगाई म्हणून उतरली होती. ती माझा पदर ओढून विचारू लागली, हेच का ते बर्गी? मी होय म्हटले. तिने त्यांना नीट न्याहाळले, त्यांपैकी एक आपला दादा आहे अशी खात्री करून घेतली आणि त्याच्या वाट्याची जिलबी उचलून खाल्ली.

येथवर सर्व उत्तम झाले. परंतु 31 जानेवारीच्या शनिवारी वही आली, तेव्हा गेल्या आठवड्याच्या गोषवाऱ्यात या समारंभाचा उल्लेख नव्हता. असणार कसा, तो तहकूब होता. आगामी कार्यक्रमांत मात्र तो यथास्थित होता : पहिला बैशाख, 15 एप्रिल, कलम नववे, महाराष्ट्र, इयत्ता तिसरी, लेझीम, आणि रकान्यात माझे नाव. मी सही केली. बंगालच्या माता या खेपेस चाव्या देणार नाहीत, कारण मागच्या खेपेला दोन घरांच्या कपाटांच्या किल्ल्यांची अदलाबदल झाली असून त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही.

तरी पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने किंवा मुंबईहून गीतांजलीने हावड्यास येणाऱ्या कोणा वाचकाने तिसरीच्या मुलांच्या मुठीत मावतील अशी दोन डझन लेझीम सोबत आणावीत, ही नम्र विनंती. हावड्याहून सियालदह गाठावे व तेथून बराकपूरची लोकल पकडावी. शाळेच्या फाटकाशी मासी भेटेल. रक्कम रोख मिळेल. शक्यतो शनिवारी मात्र येऊ नये, कारण वही फिरत असते आणि तुमचीही सही घेतली जाईल.