अकराने भाग जातो

लॅपटॉप मेला की माणसं भेटायला येतात, हे मला विसरवाडीत नोकरी लागल्यावर कळलं.

शाळेचा लॅपटॉप रात्री आपणहून बायॉस अपडेट करायला बसला आणि सकाळी उठलाच नाही. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, कॅप्सलॉकचा दिवा लुकलुकायचा, स्क्रीन काळी ठिक्कर. कंपनीचं नाव लिहीत नाही. उगाच जाहिरात व्हायची.

आमचं गाव सुरत-धुळे हायवेवर. कोंडाईबारीचा घाट उतरून आलेले, ब्रेक तापलेले ट्रक इथे टेकतात, त्यामुळे बंद पडलेल्या यंत्राबद्दल बोलण्याचा अधिकार सगळ्या गावाला आहे. ‘गार होऊ द्या’पासून ‘बॅटरीची वायर काढून परत लावा’पर्यंत सगळे उपाय झाले. आतला नाण्याएवढा सेलसुद्धा काढून लावला. त्याने फक्त सेटिंग पुसली जाते. चिपमधला प्रोग्रॅमच अर्धवट लिहिला गेला असेल तर सेल बिचारा काय करणार? आमच्या ज्येष्ठ सरांनी मात्र निदान केलं : व्हायरस. २६ एप्रिल १९९९ ला ‘चेर्नोबिल’ने कॉम्प्युटरांचे बायॉस पुसले होते, तेव्हापासून ते प्रत्येक बिघाडात त्यालाच शोधतात. चहावाल्याने झाकण उघडं बघूनच निकाल दिला, “हाऊ तं मरी गया, भाऊ.”

जिवंत केला तो मोबाइल रिपेअरिंगवाल्या पोराने. मदरबोर्डवरची आठ पायांची चिप त्याने भिंगातून वाचली, ती ३.३ व्होल्टची की १.८ ची ते पाहिलं (हे न पाहणाऱ्यांनी चिपा भाजल्याचं तो फार चवीने सांगतो), चिमटा लावला आणि काडेपेटीएवढ्या प्रोग्रॅमरने तिच्यात बायॉसची नवी फाइल भरली. अख्ख्या लॅपटॉपचं हे शहाणपण जेमतेम १६ एमबी. आमच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ त्याहून कितीतरी मोठा आहे आणि त्यात शहाणपण अजिबात नाही.

स्क्रीन उजळली. टाळ्या पडल्या. मग लॅपटॉपने ४८ आकडी बिटलॉकर की मागितली. बायॉस बदलला की त्याला मालकाचाच संशय येतो.

की होती. आमचे क्लार्क भाऊसाहेब सगळ्या कागदांचे प्रिंट काढून फाइलला लावतात. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, सुवाच्य. फक्त पंचिंग मशीनचं भोक एका गटात नेमकं तिसऱ्या आकड्यावर पडलेलं : २८, भोक, ४१७.

“शून्यापासून नऊपर्यंत घालून बघू,” मी म्हणालो. गणिताच्या मॅडमनी माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघितलं. या कीच्या प्रत्येक गटाला अकराने भाग जातो, हे रिपेअरिंगवाल्याने सांगताच त्यांनी खडू उचलला. सम जागांची बेरीज १९, विषम जागांची ३ अधिक भोक. फरक शून्य किंवा अकराच्या पटीत यायला हवा. भोकात ५.

लॅपटॉप उघडला. भाऊसाहेब म्हणाले, “तरी मी सांगत होतो, कागद फाइलला असलेला बरा.”

मॅडमनी हेच गणित घटक चाचणीत दोन गुणांना घातलं. बहुतेकांनी ५ काढले. एकाने रीतसर उत्तर काढून खाली लिहिलं : पुढच्या वेळी कागदाला समास सोडावा. त्याला मॅडमनी अडीच दिले.